मामांची वही



पहाटे तुम्हाला कशाने जाग येते? कोंबड्याच्या आरवण्याने? आईच्या हाकेने? की मोबाईलच्या गजराने? मला जाग येते ती ‘टण्ण... टण्ण... टण्ण...’ अशा आवाजाने! फुलंब्रीत माझ्या शेजारी एक ट्रकवाले मामा राहतात. त्यांचा दहा टायरचा ट्रक घरासमोरच्या मोकळ्या जागेत उभा असतो. पहाटे पाचला मामा हातात लोखंडी टॉमी घेऊन येतात आणि एकेका टायरला ठोकत गाडीभोवती फिरतात.

मी इथे नवा राहायला आलो तेव्हा वैतागून त्यांना विचारलं होतं, “मामा, त्या टायरांनी काय गुन्हा केलाय?”

मामा हसले. म्हणाले, “गुन्हा न्हाई सर, हजेरी घेतो. तुम्ही न्हाई का वर्गात घेत?”

मग एका रविवारी मीही पहाटे उठलो आणि टॉर्च घेऊन त्यांच्या मागे मागे फिरलो. आज तुम्हाला त्याच फेरीवर न्यायचं आहे. चला!

फेरी नेहमी ड्रायव्हरच्या दारापासून सुरू होते आणि एकाच दिशेने पूर्ण होते. मध्येच कुणी हाक मारली, फोन आला, तर मामा पुन्हा दारापासून सुरुवात करतात. ‘इथवर पाहिलं होतं वाटतं’ हे त्यांना चालत नाही.

पहिली गोष्ट टायर. पुढे दोन आणि मागे आठ. मागचे टायर जोडीजोडीने असतात, एक बाहेर आणि एक आत. आता गंमत बघा. आतल्या टायरची हवा गेली तरी बाहेरचा टायर त्याचा भार उचलून धरतो, त्यामुळे गाडी खाली बसलेली दिसत नाही. नुसत्या डोळ्यांना सगळं छान! म्हणून टॉमी. हवा भरलेल्या टायरवर टॉमी आपटली की ती उसळते आणि ‘टण्ण’ वाजतं. हवा कमी असली की ‘धप्प’ असा मेलेला आवाज येतो. मामांचा कान इतका तयार झालाय की ते झोपेतही ओळखतील. पण नेमका आकडा हवा असेल तर ते हवेचं मीटरच लावतात. कान फक्त शंका काढतो, असं त्यांचं म्हणणं.

हवा कमी असली तर एवढं काय बिघडतं? एक जुनी तार घ्या आणि एकाच जागी दहा-वीस वेळा मागेपुढे वाकवा. मग तिथे हलकेच बोट लावून बघा. गरम लागते ना? कमी हवेचा टायरही रस्त्यावर प्रत्येक फेऱ्याला असाच दबतो, सुटतो, दबतो, सुटतो, आणि आतून तापत जातो. गावातल्या रस्त्यावर ते चालून जातं. पण आमच्याकडचे ट्रक आता सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढतात. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. तिथे ना सिग्नल, ना गावं. गाडी तासन्‌तास एकाच वेगात पळते आणि टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही. असा तापलेला टायर भर वेगात फुटला तर काय होईल, ते मी सांगायला नको.

टायर झाले की चाकांचे नट. एखादा नट ढिला व्हायला लागला की त्याच्या कडेने गंजाची बारीक लाल रेघ उतरते. मामा त्या रेघेवर टॉर्च मारतात. मग ट्रकखालची जमीन. रात्रभर गाडी उभी होती तिथे ओला डाग आहे का? काळा आणि चिकट असेल तर ऑइल. वास मारत असेल तर डिझेल. नुसताच ओला असेल तर पाणी. मग पाटे, आरसे, वायपर, हॉर्न. आणि दिवे. आता मला सांगा, माणूस एकटाच असेल तर मागचा ब्रेकलाईट पेटतो की नाही हे कसं बघणार? पाय तर ब्रेकवर ठेवायचा आहे! मामांनी युक्ती काढलीय. ट्रकची पाठ शेजारच्या पांढऱ्या भिंतीकडे असते. ब्रेक दाबला की भिंतीवर दोन लाल ठिपके उजळतात आणि ते आरशात दिसतात. एकच ठिपका दिसला, तर दुसरा दिवा गेला!

शेवटी इंजिन सुरू करून हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थांबायचं, कारण मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. दाब भरला की इंजिन बंद करायचं आणि कान द्यायचा. कुठे ‘फुस्स’ ऐकू येतंय का? या शांततेत मामा आम्हाला श्वाससुद्धा घेऊ देत नाहीत.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. मग मामा केबिनमध्ये चढतात आणि सीटमागून एक वही काढतात. तुमच्या दप्तरात असते तसलीच दोनशे पानी. पट्टीने रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, हवा, ऑइल, पाणी, डिझेल, ‘काय दिसलं’ आणि सही. मामा सातवीपर्यंत शिकलेले आहेत. अक्षर मात्र असं की माझ्या चौथीच्या पोरांना दाखवावं.

मी विचारलं, “मामा, गाडी तुमचीच, तपासणारे तुम्हीच. मग सही कुणासाठी?”

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी वहीची मागची पानं उलटून माझ्यापुढे धरली. पाण्याच्या रकान्यात रेडिएटरमध्ये रोज किती पाणी घालावं लागलं ते लिहिलेलं होतं. आधी बरेच दिवस ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. मग एके दिवशी ‘अर्धा लिटर’. दोन दिवसांनी पुन्हा ‘अर्धा’. मग ‘पाऊण’. मग ‘एक लिटर’. आणि त्याच्यापुढे लाल पेनाने: ‘मिस्त्रीला दाखवलं. पंप बदलला.’

बघा हं. यातल्या कोणत्याही एका दिवशी पाहिलं असतं तर काहीच वाटलं नसतं. अर्धा लिटर पाणी कमी झालं तर माणूस ते घालतो आणि निघतो. उन्हाळ्यात उडालं असेल म्हणतो. पण आकडे एकाखाली एक आले तेव्हा दिसलं की पाणी रोज वाढत्या मापाने कुठेतरी जातंय. इंजिनभोवती पाणी फिरवणारा पंप गळायला लागला होता. दुरुस्ती फुलंब्रीतच, घरापासून दोनशे पावलांवर झाली. नाहीतर गाडीत अद्रक भरलेली, वाशीचा बाजार गाठायचा, आणि इंजिन उकळलेलं एखाद्या घाटात! (उकळलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही लगेच उघडू नका बरं का. वाफ तोंडावर येते. हे मामांनी तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलंय.)

एका दिवसात जे डोळ्याला दिसत नाही, ते वहीला दिसतं. तुमची उंची नाही का आई भिंतीवर पेन्सिलीने मांडून ठेवते? रोज आरशात बघून कुणाला आपण वाढलेले दिसतो?

आता तुम्ही विचाराल, “सर, गाड्या तपासायला आर.टी.ओ. आहे की!” आहे ना. त्याला आपल्याकडे ‘पासिंग’ म्हणतात. माल नेणाऱ्या आणि भाड्याने माणसं नेणाऱ्या गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र लागतं. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी घ्यावं लागतं. पण पासिंगच्या दिवशी गाडी कशी असते? वार्षिक तपासणीला साहेब येणार असले की आपली शाळा असते तशी! धुतलेली, रंगवलेली. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस कोण बघणार? ते मामाच.

काही देशांत ही रोजची फेरी कायद्यातच आहे. इंग्लंडमध्ये ट्रक आणि बसच्या चालकाने निघण्याआधी गाडीभोवती फिरून पाहायचं असतं, आणि त्याने लिहून दिलेल्या दोषांचे कागद मालकाला निदान पंधरा महिने जपून ठेवावे लागतात. अमेरिकेत आधीच्या चालकाने दोष लिहिला असेल, तर पुढच्या चालकाने तो वाचून, दुरुस्ती झाल्याचं पाहून सही करायची असते.

ही दुसऱ्या माणसाची गोष्ट महत्त्वाची आहे. मामांची गाडी एकट्या मामांची. पण एस.टी. कुणा एकाची नसते. आज जो ड्रायव्हर आहे तो उद्या दुसऱ्या गाडीवर असेल. संध्याकाळी सिल्लोड आगारात आलेली गाडी सकाळी कुणा वेगळ्याच काकांच्या हातात जाईल. ‘डावीकडे ओढते’, ‘वायपर अडकतो’ हे गाडी स्वतः तर बोलू शकत नाही. आदल्या दिवशीच्या ड्रायव्हरने लिहून दिलं तरच रात्री कार्यशाळेतल्या मेकॅनिकला कळणार, आणि तरच सकाळच्या ड्रायव्हरला भरवसा. आगारातून निघताना ड्रायव्हरकाकांच्या हातात एक कागद असतो, तो बघितलाय? त्याला लॉगशीट म्हणतात.

(एस.टी.चा विषय निघालाच आहे तर एक गंमत. उद्या बसस्टँडवर गेलात तर नंबरप्लेटी वाचा. बऱ्याच लाल गाड्यांवर ‘एम.एच. २०’ दिसेल, मग ती गाडी कोकणातली का असेना! कारण एस.टी.ची एक मोठी कार्यशाळा आपल्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाण्यात आहे. तिथे सांगाड्यावर बसची बॉडी चढते आणि नंबर इथलाच मिळतो. पुण्याच्या दापोडीला बांधलेली ‘एम.एच. १४’, नागपूरच्या हिंगण्याची ‘एम.एच. ४०’. आता भाड्याने घेतलेल्या नव्या गाड्याही आल्यात, त्यामुळे हे कोडं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही.)

आता एक गोष्ट सांगतो. ती माझ्या चुकीची आहे, म्हणून आजवर वर्गात सांगितली नव्हती.

एका डिसेंबरात आमची अजिंठ्याची सहल निघाली. प्रासंगिक कराराची एस.टी. सकाळी साडेसहाला शाळेच्या दारात हजर. थंडी अशी की पोरांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. पोरं गाडीत चढली आणि मी दारात उभं राहून यादी घेतली. नाव पुकारायचं, आतून ‘हजर सर!’ यायचं, आणि मी ‘बरोबर’ची खूण करायची. अडतीस नावं, अडतीस खुणा. झालं! मी ड्रायव्हरकाकांना म्हटलं, “चला काका.”

काका कुठे होते? टॉर्च घेऊन गाडीच्या मागे! मी गेलो तर ते मागच्या टायरांशी वाकलेले. दोन टायरांच्या मध्ये मुठीएवढा दगड रुतून बसला होता. रस्त्याच्या कामाच्या खडीतला असावा. मी घड्याळ पाहिलं. म्हटलं, “काका, वाटेत पडून जाईल की. उशीर होतोय.”

काका म्हणाले, “पडंल ना सर. मागून येणाऱ्या फटफटीवाल्याच्या डोक्यात पडंल. न्हाई पडला तर टायर कापंल.” आणि त्यांनी टॉमी काढली.

दगड काही निघेना. एका बाजूने ठोकून पाहिलं, दुसरीकडून पाहिलं, गाडी हातभर पुढे घेतली, मागे घेतली. वीस मिनिटं गेली. पोरं गाणी म्हणून दमली. खरं सांगतो, मला मनातून फार राग आला होता. एका दगडासाठी एवढा वेळ?

शेवटी दगड निघाला. काकांनी हात पुसले, खिशातून लॉगशीट काढून काहीतरी लिहिलं आणि मला विचारलं, “माझं झालं. तुमचं झालं का? लेकरं मोजली?”

“यादी झालीय की,” मी म्हटलं.

“यादी न्हाई सर. डोकी.”

मी जरा घुश्श्यातच गाडीत चढलो आणि डोकी मोजली. सदतीस. पुन्हा मोजली. सदतीस! माझ्या पोटात गोळाच आला.

कोण नाही? सगळी पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात एक मुलगी रडायला लागली. तिची मैत्रीण डबा घरी विसरली होती. ‘आत्ता आणते, माझं नाव आलं तर हजर म्हण’ असं सांगून ती खाली उतरली होती, आणि हिने प्रामाणिकपणे ‘हजर सर’ म्हटलं होतं! मी दार उघडून खाली उडी मारली, तर ती गल्लीच्या कोपऱ्यावरून पळत येत होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात चप्पल. वीस मिनिटांपूर्वी निघालो असतो तर त्या थंडीत, अर्धवट अंधारात ती शाळेच्या बंद दारासमोर एकटी उभी राहिली असती. आणि माझ्या खिशातली यादी ठासून सांगत राहिली असती की ती गाडीत आहे.

अजिंठ्याला लेणी पाहताना माझं लक्ष निम्मं चित्रांवर आणि निम्मं मोजण्यावर होतं.

घरी आल्यावर रात्री हे मामांना सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, “ड्रायव्हर लोकं पन तेच करत्यात सर.” मग त्यांनी सांगितलं. एका ओळखीच्या गाडीत त्यांनी अशीच तपासणीची वही पाहिली होती. महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच तिरक्या रेघेत! म्हणजे शेवटच्या दिवशी बसून सगळ्या एकदम ठोकलेल्या. आणि गाडी कशी होती? पुढचा टायर इतका घासलेला की आतली तार दिसत होती.

पण मामांनी त्या ड्रायव्हरला नावं ठेवली नाहीत. ते म्हणाले, तो पगारी माणूस आहे. वहीत ‘टायर खराब’ लिहिलं की मालक विचारतो, गाडी उभी करू का? गाडी उभी राहिली की फेरी बुडते, फेरी बुडली की भत्ता बुडतो, आणि टायरचा खर्च कुणी केला यावरून बोलणी खावी लागतात ती वेगळीच. मग कोण खरं लिहील? मला हे पटलं. खरं लिहिणाऱ्याला ओरडा मिळत असेल, तर वहीत खोटंच भरणार. तुमच्याही घरी हेच होतं ना? चाचणीत कमी गुण मिळाले की पेपर दप्तराच्या तळाशी!

नुसत्या ‘ठीक आहे’च्या कागदांचा ढीग अमेरिकेलाही नकोसा झाला. ‘काही दोष नाही’ असा रोजचा अहवाल भरण्यातून तिथे २०१४ साली ट्रकचालकांना आणि २०२० साली बसचालकांना सूट मिळाली. पाहायचं तर रोजच, पण दोष सापडला तरच लिहायचं. मी हे मामांना सांगितलं तर त्यांनी मान हलवली. “मंग ते पान्याचं ‘न्हाई, न्हाई, न्हाई’ कुठून आलं असतं? ते ‘न्हाई’ व्हतं म्हनून अर्धा लिटर दिसला.” मला वाटतं मामांचंच बरोबर आहे. तुम्हाला काय वाटतं?

यादी वापरण्याची सवय विमानवाल्यांनीसुद्धा एका मोठ्या दुःखानंतर लावून घेतली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन इथे बोइंग कंपनीचं चार इंजिनांचं नवंकोरं विमान चाचणीसाठी उडालं आणि लगेच कोसळलं. त्यात दोघांचा जीव गेला. विमान उभं असताना वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. उडवणारे नवशिके नव्हते, फार नावाजलेले वैमानिक होते. त्यानंतर वैमानिकांनी ठरवलं की लक्षात ठेवण्यावर विसंबायचं नाही. यादी हातात घ्यायची आणि प्रत्येक गोष्ट पाहूनच पुढे जायचं.

आता तुमच्याकडे वळू या. तुमच्यापैकी कुणी एस.टी.ने शाळेत येतं, कुणी मानव विकासच्या निळ्या बसने, कुणी व्हॅनने, कुणी काळीपिवळीत दाटीवाटीने बसून. गाडी उभी आणि इंजिन बंद असताना, बाजूला उभं राहून टायरकडे एकदा बघा. (गाडीखाली किंवा दोन गाड्यांच्या मधे मुळीच जायचं नाही. हात लावायचा नाही. बघायचं फक्त.) टायरच्या खांद्याजवळ बारीक त्रिकोण किंवा इंग्रजीत ‘टी.डब्ल्यू.आय.’ अशी तीन अक्षरं दिसतील. त्या खुणेसमोर टायरच्या खाचेत रबराचा छोटासा उंचवटा असतो. टायर घासून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आला की तो बदलायची वेळ झाली. तेव्हा खाच जेमतेम १.६ मिलिमीटर उरलेली असते, साधारण रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी. पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी याच खाचांतून बाहेर फेकलं जातं. खाचच नसली तर टायर पाण्यावरून घसरतो.

आणि बसमध्ये ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ लिहिलेला असतो, तो कुठे आहे ते माहीत करून घ्या. त्याच्यासमोर पोती, दप्तरं रचलेली असतील तर सांगा. कसं सांगायचं? “काका, तुमचा टायर बाद झालाय!” असं ओरडून नाही. ते चिडतील. आमच्या वर्गातल्या एका मुलाने फार छान विचारलं होतं: “काका, ही खूण कशाची असते?” काका वाकले, बघितलं, आणि गप्प झाले. दोन दिवसांनी टायर नवा होता!

तरीही कुणी ऐकलं नाही तर घरी सांगा, मुख्याध्यापकांना सांगा. स्कूलबससाठी महाराष्ट्रात २०११ साली नियम झाले आहेत. त्यांत प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी असं म्हटलं आहे, आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापकच असतात. तुमच्या शाळेत ती कधी बसते, एवढं नुसतं विचारून बघा बरं!

आमच्या चौथीने आता सायकलींची वही सुरू केलीय. शाळेत सायकलने येणारी अकरा जणं. रोज सकाळी हवा, ब्रेक, घंटी, साखळी आणि ‘काय दिसलं’. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं ‘ठीक, ठीक, ठीक’. मी गप्पच बसलो. दुसऱ्या आठवड्यात मामांना बोलावलं. मामांनी एकेका सायकलीचा ब्रेक दाबून पाहिला आणि तीन सायकली बाजूला काढल्या. त्या तिघांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते! मामा त्यांना रागावले नाहीत. खिशातून पाना काढून ब्रेक कसा आवळायचा ते दाखवायला लागले.

त्यानंतर एका मुलीने ‘काय दिसलं’च्या रकान्यात लिहिलं: ‘मागचा ब्रेक लागत नाही. काल पण लागत नव्हता पण मी ठीक लिहिले होते.’

तिची सायकल मी स्वतः दुकानात नेली. आणि हो, ती मुलगी मला आता रोज दुपारी विचारते, “सर, खिचडी चाखली का? की नुसती चवीच्या रजिस्टरमध्ये सही केली?”

तुम्हीही वही घाला. सायकल नसेल तर घरातल्या गॅसच्या नळीची, शेतातल्या मोटारीच्या वायरची, आजोबांच्या गोळ्यांची, कशाचीही. पंधरा दिवसांनी तुमच्या ‘काय दिसलं’च्या रकान्यात काय आलं ते मला पत्राने कळवा. आलेली पत्रं मामांना वाचून दाखवीन.

तुमचेच,
सर